करंगळीचा कोरा सातबारा

गेलं दीड वर्ष मी रोज रात्री अडीचच्या सुमाराला उठून हात झटकतो.

तसा हात झटकणं हा प्रकार मला नवा नाही. कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देण्यात माझी तीस वर्षं गेली. आधी हातानं, मग टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. एवढ्या काळात हात झटकणारे नाना तऱ्हेचे लोक पाहिले. पण ते सगळे टेबलाच्या पलीकडचे, खुर्चीत बसलेले, आणि दिवसाउजेडी झटकणारे. आपल्यावर ही पाळी येईल, तीही अंधारात, बनियनवर, समोर झटकून टाकायला एखादी फाइलसुद्धा नसताना, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

होतं असं. गाढ झोप लागलेली असते. स्वप्नात कुणीतरी ऐसपैस माझ्या उजव्या हातावर बसलेलं असतं. जाग येते तेव्हा हात जागेवर असतो, पण तो माझा नसतो. डाव्या हातानं तो उचलून बघावा लागतो, पाहुण्यांची विसरलेली पिशवी उचलून बघावी तसा. मग मुंग्या सुरू होतात. मुंग्या म्हणजे साखरेच्या डब्यातल्या नव्हेत, आंब्याच्या पानांत घर करणाऱ्या त्या लाल. उठून बसायचं, हात खाली सोडायचा आणि झटकायचा. पाच-दहा मिनिटांत हात पुन्हा माझ्या नावावर होतो.

ही त्या वेळी बहुतेकदा स्वयंपाकघरात असते. बादली सरकल्याचा, तांब्या वाजल्याचा आवाज येतो. बायकांची झोप सावध असते, असं मी धरून चाललो होतो.

या आजारात बोटांची जी वाटणी होते ती मोठी बघण्यासारखी आहे. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट हे तिघं ठार झोपतात. करंगळी मात्र टक्क जागी. आणि अनामिका? ती अर्धी. म्हणजे टोकाची अर्धी आणि बुडाची अर्धी असं नाही, उभी अर्धी! मधल्या बोटाकडची बाजू बधिर, करंगळीकडची शाबूत. मला हे कळायला दोन महिने लागले, आणि कळलं तेव्हा धंद्याच्या भाषेतच कळलं. पहिली साडेतीन बोटं एका नसेच्या खात्यावर आहेत. राहिलेलं दीड बोट दुसऱ्या नसेच्या. अनामिकेच्या मधून सामाईक बांध गेलाय. भानगड सगळी पहिल्या खातेदाराची आहे, करंगळीचा सातबारा कोरा. एक पैशाचा बोजा नाही.

किनवटच्या माणसाला अनामिकेबद्दल आपुलकी वाटावी असं आमचं गावच आहे. १९५६ ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. मग नांदेडात आलं. अजूनही बाजारात एका दुकानात मराठीत भाव विचारला तर शेजारच्या दुकानातून तेलुगूत उत्तर येतं. गावात काही दुखलं-खुपलं की अर्धं गाव आदिलाबादला जातं आणि अर्धं नांदेडला. आदिलाबाद जवळ आहे. नांदेड त्याच्या दुपटीहून लांब, पण तिथे पाहुणे आहेत. पाहुणे असणं हा आमच्याकडे दवाखाना निवडण्याचा मोठा निकष आहे.

पण तिथपर्यंत जायला वेळ होता. आधी गावातले वैद्य संपवायचे होते.

समोरच्या घरातली अक्का म्हणाली, "तिम्मिरी आहे ती. रात्रीला हात उशाखाली घेऊन झोपू नका." तिम्मिरी हा तेलुगू शब्द मला मुंग्यांपेक्षा नेमका वाटला. त्यात हाताचा आवाज आहे. चहावाल्यानं रक्त गोठलंय म्हणून सांगितलं. एका पक्षकारानं (मी त्यांना पक्षकारच म्हणतो, बरं वाटतं) लकव्याची सुरुवात अशीच होते, त्याच्या मामाची अशीच झाली, असं सांगून मामाचा दहावा-तेरावा उरकेपर्यंत सगळी हकीकत ऐकवली, आणि मग म्हणाला, "तुम्ही घाबरू नका." जंगलाकडच्या गावातून येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मोहाच्या बियांचं तेल आणून दिलं. ते चोळलं. हात मऊ झाला, लुसलुशीत झाला, आणि झोपताना आणखी लवकर झोपला.

मग मेव्हणा म्हणाला, उनकेश्वर. आमच्याच तालुक्यात पैनगंगेच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. गंधकाचं पाणी. कातडीच्या रोगांवर गुण येतो म्हणून लांबून लोक येतात. रविवारी गेलो, कुंडाच्या पाण्याची बादली भरून घेतली, हात बुडवून बसलो. सुख म्हणजे काय ते कळलं. शेजारी एक गृहस्थ खरजेसाठी आलेले होते. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय? म्हटलं, नस. ते म्हणाले, "नस तर आत असते की हो." मी बादलीतून हात काढला. एवढा सरळ मुद्दा तोवर घरातल्या कुणालाही सुचला नव्हता.

दरम्यान अंगठ्यानं धंद्यात त्रास द्यायला सुरुवात केली होती. शर्टाची वरची गुंडी लागेना. टाचणी उचलता येईना. नोटा मोजताना दोन हजार आहेत की दोन हजार शंभर, हे बोटांना कळेना, आणि हा आमच्या धंद्यात बधिरपणाचा सगळ्यात महाग प्रकार आहे. एकदा एका म्हातारीचा अंगठा अर्जावर घेताना मी तिच्या बोटाला शाई लावली, तिचा हात धरून कागदावर टेकवला आणि नंतर बघतो तर माझाच अंगठा शाईत बुडलेला. कधी बुडाला, पत्ता नाही. ठसा मात्र झकास उमटला होता. अंगठा झोपलेला असला तरी ठसा जागा असतो, हे रेशनच्या मशीनपुढे उभं राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

मेडिकलवाल्यानं मनगटाचा पट्टा दिला. काळा, आत पत्र्याची पट्टी, वर चिकटणारे बंद. काढताना चर्रकन असा आवाज येतो की मांजर उठून बसतं. हा पट्टा रात्री घालायचा असतो हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तो दिवसा घालून टेबलावर बसलो. आमच्याकडे हाताला पट्टा म्हणजे गाडीवरून पडला, दुसरा अर्थच नाही.

"कामून वो, कुठं पडले?"

"पडलो नाही."

"कोणत्या खड्ड्यात?"

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना आजार समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी थोडक्यात सांगितला. तिसऱ्या दिवशी एक खड्डा ठरवून टाकला, आणि आश्चर्य म्हणजे त्याच खड्ड्यात पडलेले आणखी चौघं निघाले.

शेवटी पोरीनं पुण्याहून फोनवर दम दिला आणि मी नांदेडला हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. पिशवी धरायला म्हणून ही बरोबर. दवाखान्यात जाताना पिशवी धरायला बायको लागते आणि बायकोच्या दवाखान्याला जाताना गाडी चालवायला नवरा लागतो. फरक एवढाच की बायकोचा दवाखाना निघतच नाही.

डॉक्टर तरुण होता. त्यानं कागदावर मनगट काढलं. खाली हाडांची वाटी, वर एक जाड पट्टा, आणि त्या दोघांमधला अरुंद रस्ता. "काका, याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटातला बोगदा. यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ शिरा जातात आणि त्यांच्यात ही एक नस. जागा कमी पडली की ती दाबली जाते." त्यानं शिरा म्हटलं ते माझ्या सोयीसाठी. स्नायूंच्या दोऱ्या असतात त्या.

बोगदा म्हटलं की आम्हाला नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना कसाऱ्याच्या घाटात लागतात तेच आठवतात. ते चांगले प्रशस्त आहेत. माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती माहूरकडे जाणारी काळी-पिवळी जीप. नऊ दणकट पाहुणे आधीच बसलेत, मांडीवर गाठोडी आहेत, आणि दहावा बारीक माणूस, ज्याच्याकडे सगळ्या गावाची पत्रं आहेत, तो दाराच्या कडेला चेपलाय. वरचा टप घट्ट बांधलेला. पाहुण्यांपैकी एक जरी सुजला तरी मरण त्या बारक्याचं. मी डॉक्टरला ही उपमा सांगितली. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "ऑपरेशनमध्ये आम्ही टप कापतो." मला उपमा दिल्याचा पस्तावा झाला.

मग त्यानं तपासलं. मनगटावर बोटानं टकटक केली, मधल्या बोटापर्यंत झिणझिण गेली. "रात्री जाग आली की काय करता?" मी हात झटकून दाखवला. तो खूश झाला. म्हणाला, ही खूणच आहे. कॅनडातल्या प्राइस-फिलिप्स नावाच्या डॉक्टरनं १९८४ मध्ये हे लिहून ठेवलंय: रोग्याला विचारा की त्रास वाढला की तुम्ही काय करता, आणि तो थर्मामीटरचा पारा उतरवायला झटकतात तसा हात झटकून दाखवील. मी अडीच वाजता बनियनवर जे करत होतो त्याला जगात मान्यता होती, हे ऐकून छाती फुगली.

"आता उलटा नमस्कार करा," तो म्हणाला. दोन्ही हातांची मागची बाजू एकमेकांना लावायची, बोटं जमिनीकडे, कोपरं वर, आणि एक मिनिट तसंच राहायचं. फेलन नावाच्या अमेरिकन सर्जनची ही परीक्षा. मिनिटाच्या आत मुंग्या आल्या तर पास. म्हणजे नापास. मी देवाकडे पाठ फिरवल्यासारखे हात जोडून बसलो. डॉक्टर घड्याळाकडे बघत होता. चाळीस सेकंद झाले असतील, मला अंगठ्यात जरासं काही जाणवायला लागलं होतं, तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरून आवाज आला.

"आलं."

पिशवी खाली ठेवून हीसुद्धा उलटा नमस्कार करून बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"कधी आलं, मावशी?"

"मघाच आलं. तुम्ही यांचं बगत होतात म्हणून बोलले नाही."

डॉक्टरनं माझं मनगट सोडलं. तिचा हात घेतला, तळवा वर केला, आणि अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल फुगवटा असतो त्यावर बोट फिरवलं. मी पण बघितलं. माझ्या हाताला तिथे पुरी फुगल्यासारखं होतं. तिच्या हाताला तिथे खळगा होता. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आणि हा हात मी रोज ताटात वाढताना बघतो. खळगा मी पहिल्यांदा बघितला.

"किती दिवसांपासून?"

"धाकट्याच्या वेळी पोटुशी होते तेव्हापासून."

धाकटा आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर म्हणाला, गरोदरपणात अंगात पाणी साठतं तेव्हा हा त्रास बऱ्याच बायकांना होतो, बाळंत झाल्यावर बहुतेकींचा जातो. हिचा गेला नव्हता. "मग रात्री काय करता?" "बादलीत हात घालून बसते. थंड पाण्यानं बरं वाटतं."

आमच्या घरात गेल्या वर्षभरात तीन कप, एक काचेची बरणी आणि आईच्या वेळची चिनी मातीची एक बशी फुटली. प्रत्येक वेळी "लक्ष कुठं असतं?" हे वाक्य कोण बोललं, ते इथे लिहायची गरज नाही.

दोघांचीही नसेची तपासणी झाली. मनगटाला आणि बोटाला तारा लावून विजेचे बारीक झटके देतात आणि निरोप पोचायला किती वेळ लागतो ते मोजतात. चांगल्या नसेत निरोप सेकंदाला पन्नास मीटरच्या वर जातो. मी तिथेच तोंडी हिशेब केला, ताशी एकशे ऐंशी किलोमीटर झाले. खांद्यापासून निघालेली गाडी मनगटाच्या आउटरला येऊन उभी राहते, एवढाच घोळ. माझी थोडी थांबत होती. हिची उजव्या हाताची गाडी जवळजवळ यार्डातच लावून ठेवली होती.

मला माझ्या आजाराबद्दल आणखी एक गोष्ट सहन करावी लागली. मी मनाशी ठरवून आलो होतो की हे टायपिंगचं फळ आहे. तीस वर्षं जनतेची सेवा, अक्षर अक्षर बडवून, त्यात मनगट गेलं. नातवंडांना सांगायला बरं. डॉक्टरनं तेही काढून घेतलं. तो म्हणाला, कीबोर्डवर लोक फार खापर फोडतात, पण तसा पुरावा भक्कम नाही. जोरानं पकडायची, पिळायची कामं, थरथरणारी यंत्रं यांचा दोष जास्त. साखर, थायरॉइड, वजन यांचाही. आणि कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून हा आजार आहे. इंग्लंडमधल्या जेम्स पॅजेट नावाच्या सर्जननं १८५४ मध्ये मनगटात नस दाबलेल्या रोग्यांबद्दल लिहिलंय. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटून तेव्हा एकच वर्ष झालं होतं. "आणि बायकांना हा पुरुषांपेक्षा जास्त होतो," असं म्हणून त्यानं हिला विचारलं, "मावशी, तुम्ही हातानं काय काय करता?"

ती विचारात पडली. तिला प्रश्नच कळला नाही. "काही नाही, घरीच असते," ती म्हणाली.

मग मीच सांगितलं. अर्ज लिहिणाऱ्याला तेवढं जमतं. रोजच्या वीस-बावीस भाकरी. म्हशीची दोन वेळची धार. दिवाळीच्या आगेमागे आमच्या दोन एकरांतला कापूस वेचायचा, म्हणजे दिवसभर बोंडातून तीन बोटांनी कापूस ओढायचा, नेमकी तीच तीन बोटं. धुणं पिळायचं. डॉक्टर लिहीत होता. मला वाटलं, हा मजकूर मी आधी कधी कुठल्याच अर्जात घातला नाही. लक्ष्मीमुक्तीचे अर्ज मी मनापासून लिहिलेत, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावून घ्या म्हणून. इथे माझ्या आजाराच्या सातबाऱ्यावर हिचं नाव लागलं, आणि तेही पहिल्या नंबरला.

माझा निकाल सोपा होता. साखर हद्दीवर निघाली, ती आवरायची. पट्टा रात्री घालायचा, निदान सहा आठवडे. डॉक्टरनं माझा पट्टा हातात घेतला, आतली पत्र्याची पट्टी ओढून काढली आणि टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली. म्हणाला, बाजारात मिळतात ते मनगट वर उचलून धरतात, पण मनगट सरळ रेषेत असलं की बोगद्यातला दाब सगळ्यात कमी असतो. म्हणजे मी इतके दिवस चुकीचा पट्टा चुकीच्या वेळी घालून खोट्या खड्ड्यात पडत होतो.

हिच्यापुढे मात्र खरी निवड होती. पट्ट्याची वेळ गेलेली. इंजेक्शन घ्यावं का, असं मीच विचारलं, कारण कापायचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो, कापणार दुसऱ्याला असले तरी. डॉक्टर सरळ बोलला. स्टेरॉइडच्या सुईनं काही आठवडे, काही महिने आराम पडतो. पण स्वीडनमध्ये २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांना खरी सुई दिली त्यांच्यातल्याही चारातल्या तिघांना वर्षाच्या आत ऑपरेशन लागलंच. "आणि मावशीचा स्नायू उतरलाय. आता थांबलो तर नंतरच्या ऑपरेशननं मुंग्या जातील, पण ताकद परत येईल की नाही सांगता येणार नाही."

परत येताना गाडीत आम्ही विचार केला. विचार केला म्हणजे ती बोलत होती आणि मी खिडकीतून बघत होतो. ऑपरेशन तसं छोटं. हात तेवढाच बधिर करायचा, पंधरा-वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी. पण त्यापुढचा हिशेब डॉक्टरच्या कागदावर नव्हता. टाके निघेपर्यंत दहा-बारा दिवस हात ओला करायचा नाही. जोराची कामं महिना-दीड महिना बंद. आणि तळहाताच्या बुडाशी दुखरेपणा राहतो तो कित्येकदा दोन-तीन महिने. तळहाताचं बूड. म्हणजे काठवटीत पीठ रगडायला जे लागतं ते.

"मंग भाकरी कशानं थापू? कोपरानं?"

मी म्हटलं, बघू.

आषाढात पेरणी-निंदणी, म्हणून नको. श्रावणात उपासाचं वेगळं आणि बिनउपासाचं वेगळं, म्हणून नको. भाद्रपदात महालक्ष्म्या. त्यानंतर नवरात्र, माहूरला जायचं ठरलेलं, आणि रेणुकेपुढे हात बांधून कसं उभं राहायचं. मग कापूस. मग पोरीचं बघायला येणारे. मग म्हैस वितेय. माझ्या टेबलावर लोक येतात आणि कचेरीतून पुढची तारीख मिळाली म्हणून कपाळाला हात लावतात. तारखा एवढ्या सहज मिळतात हे मला घरात बसून कळलं. त्यात या तारखा देणारी तीच होती आणि मागणारी पण तीच.

मुदत संपली ती एका मंगळवारी, पाट्यावर. चटणी वाटताना वरवंटा हातातून निसटला आणि पायाच्या अंगठ्याच्या अर्धा इंच बाजूला पडला. फरशीचा टवका उडाला. ती बराच वेळ त्या टवक्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "लावा फोन."

ऑपरेशनला मी बाहेर बसलो होतो. आत कॅसेटचं गाणं लागलेलं ऐकू येत होतं. बाहेर आली तेव्हा हाताला पांढरा बोंगा आणि चेहऱ्यावर कुतूहल. "कापताना कळलं नाही, पण एकदम ढिल्लं झालं. गाठोड्याची गाठ सोडल्यावानी." हाताखाली दोन उशा घेऊन झोपायचं, बोटं हलवत राहायची, एवढं सांगून त्यांनी सोडलं.

पुढचे दिवस मी भाकरी केल्या. पुरुषानं केलेल्या भाकरीला नकाशा म्हणायची चाल आहे. माझ्या भाकरीला सीमाच नव्हत्या, पीठ थापता थापता ते काठवटीबाहेर जाई आणि तव्यावर टाकताना त्याची राज्य पुनर्रचना होई. पाणी फिरवायला जावं तर बोटांना तवा किती तापला ते कळेना, कारण बोटं माझीच होती, बधिर. दोनदा भाजलं, दोनदा वासावरून कळलं. आमच्या म्हशीनं पहिल्या दिवशी माझ्याकडे वळून बघितलं, हुंगलं आणि पान्हा चोरला. अक्का येऊन धार काढून द्यायची. तीसुद्धा मध्येच थांबून हात झटकत होती, तेव्हा मी तिला उलटा नमस्कार करायला सांगितलं. तेलुगूत जे काही ती म्हणाली ते नमस्काराबद्दल नसावं.

आता गल्लीत सात-आठ बायका दुपारच्या वेळी ओट्यावर बसून उलटा नमस्कार करतात आणि सेकंद मोजतात. मला विचारतात, गुर्जी, माजं तिसालाच आलं, म्हणजे काय? मी म्हणतो, डॉक्टरला दाखवा. म्हणतात, कापूस निघू द्या.

तर ऑपरेशननंतरची ती पाचवी-सहावी रात्र असेल. अडीचला जाग आली. साखरेचा हिशेब त्या दिवशी एका बारशात बुंदीनं बिघडवला होता आणि पट्टा कंटाळून मी उशाशी ठेवला होता, त्यामुळे हात पुरता गेलेला. उठून बसलो. झटकला. सवयीनं कानोसा घेतला. स्वयंपाकघरात आवाज नव्हता. बादली सरकत नव्हती, तांब्या वाजत नव्हता. बाजूला बघितलं तर ही दोन उशांवर हात ठेवून, तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. चांगली घोरत होती. अठरा वर्षांची बाकी वसूल करणं चाललं होतं.

मी अजून थोडा झटकला. मुंग्या जाईनात. मग तसाच अंधारात उठून स्वयंपाकघरात गेलो. चाचपडत बादली ओढली, झाकण बाजूला ठेवलं आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. खरंच बरं वाटतं. उनकेश्वरपेक्षा बरं. बाहेर कुत्रं दोनदा भुंकून गप्प झालं. हात जरा माझ्या ताब्यात आला म्हणून तांब्या उचलायला गेलो, तो अंगठ्याला धरता आला नाही आणि फरशीवर घरंगळत पार दारापर्यंत गेला.

आतून आवाज आला, "अहो, भांडे नका वाजवू. झोपू द्या की माणसाला."